गाडी मिळाली, गाडीवान नाही

१९०१ सालच्या उन्हाळ्यात आंबेडकरांच्या घरची मुलं साताऱ्याकडून आगगाडीने निघून मसूर स्टेशनवर उतरली. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला होते आणि पुढची वाट बैलगाडीची होती. मुलांच्या अंगावर नवेकोरे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची वाटली. ‘महार’ हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाड्यालाही गाडीवान राजी होईनात. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचं. बाबासाहेबांनी हा प्रवास पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला. जातीची चर्चा आपण बहुधा धर्मग्रंथांपासून सुरू करतो. मला ही तोड जास्त बोलकी वाटते, कारण उतरंड रोजच्या रोज टिकते ती अशाच व्यवहारी सोयींवर: कोणी बसायचं, कोणी चालायचं, कोणी कशाला शिवायचं.

हा सगळा गरिबीचा प्रश्न आहे, हातात पैसा आला की भेद आपोआप मिटतो, असं पुष्कळजण मनापासून मानतात. पण मसूरला पैसा होता, दुप्पट होता. त्यातून गाडी मिळाली, शेजारी बसणारा गाडीवान मिळाला नाही. १९२९ साली चाळीसगावला तेच घडलं. सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरणाऱ्या बॅरिस्टर आंबेडकरांचा टांगा हाकायला टांगेवाला तयार नव्हता. टांगा भाड्याने मिळाला, पण लगाम महारवस्तीतल्या एका नवख्या माणसाच्या हाती आला. टांगा धडकला, बाबासाहेब दगडांवर आदळले आणि पाय मोडला. लोकलच्या पहिल्या वर्गालाही उतरंड म्हणता येईल, पण तिथे तिकीट काढलं की प्रश्न संपतो. या उतरंडीचं तिकीट कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. मसूरच्या कहाणीतली आणखी एक गोष्ट तर जिवाला लागते. काही अंतर गेल्यावर तोच गाडीवान एकाएकी गाडीत येऊन बसला. विटाळाची भीती तेवढ्यात कुठे गेली? बघणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

यावर ‘तो काळ गेला’ असं उत्तर येतं. पुष्कळ बदललं, हे खरंच. राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५च्या कायद्याने ती पाळणं गुन्हा ठरवलं आणि एसटीत शेजारच्याची जात कोणी विचारत नाही. पण शहरातल्या टोलेजंग इमारतींत घरकामाच्या बायकांसाठी निराळी लिफ्ट असते. ती सामानासाठी आहे म्हणतात. मग रिकाम्या हातांची बाई तिच्यातून का जाते आणि चार बॅगा घेतलेले मालक मुख्य लिफ्टने का? तिथे जात कोणी उच्चारत नाही, कामावरूनच माणसाची पायरी ठरते; तोड मात्र मसूरचीच. बाईंचा चहाचा कपही वेगळा असतो. कारण विचारलं तर स्वच्छतेचं नाव पुढे येतं, आणि आजाराची धास्ती खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण घरातले सगळे कप त्याच बाई घासतात, एकाच घासणीने. घासून झालं की बाकीचे मांडणीवर लावतात आणि स्वतःचा ओट्याखाली पालथा घालतात.