चतुर्थीचे घर आणि बाळंतिणीची खोली

भाद्रपद जवळ आला की गोमंतकातील कुलूपबंद मूळ घरे पुन्हा जागी होतात. पोटापाण्यासाठी मुंबईला, बंगळूरला वा आखाती देशांत पांगलेली भावंडे मुलाबाळांसह एका छपराखाली गोळा होतात. माटोळीला नारळ, सुपारीचे घड आणि रानातील कवंडळे बांधली जातात, स्वयंपाकघरात नेवऱ्यांसाठी सारण परतले जाते आणि सायंकाळी घुमटाच्या तालावर आरत्या रंगतात. अशा घरातील एखाद्या खोलीत वीस-बावीस दिवसांची बाळंतीण असली, तर सणाचा आनंद दुणावतो यात शंका नाही. मात्र त्या आनंदाचा भार तिच्यावर किती पडतो, याचा विचार क्वचितच केला जातो.

पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. चतुर्थी मात्र सासरच्या मूळ घरी. त्यामुळे ‘बाळाची पहिली चवथ’ या हौसेपोटी ओल्या बाळंतिणीला पावसापाण्यातून सासरी आणण्याचा आग्रह धरला जातो. आग्रह प्रेमाचा असतो, म्हणूनच तो मोडणे तिला जड जाते. हा निर्णय घेताना पंचांगाइतकाच तिच्या प्रकृतीचा कौल घेणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली असल्यास, बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास किंवा त्याचे जन्माचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असल्यास प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गणपती दरवर्षी येतो. पहिली चतुर्थी एखाद्या वर्षाने पुढे गेल्याने कुळाचाराला बाध येत नाही.

सोयर फिटते, बाळंतपण संपत नाही

जुन्या कुटुंबव्यवस्थेत बाळंतिणीला दहा दिवसांचे सोयर आणि त्यापुढे सव्वा महिन्याची विश्रांती असे. सोयराच्या काळात देवघर व चूल या दोहोंपासून ती दूर राहत असे. या प्रथेमागील विटाळाची कल्पना आज टिकणारी नाही. तथापि तिच्यामुळे दोन गोष्टी आपोआप साधत. बाळंतिणीला कोणी काम सांगत नसे आणि तान्ह्या बाळाला फारसे परके हात लागत नसत. प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्ववत् होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. सव्वा महिन्याचा जुना हिशेब त्याच्या बराच जवळ जातो.

आज अनेक घरांत सोयराचे दहा दिवस काटेकोर पाळले जातात आणि सव्वा महिना विसरला जातो. अकराव्या दिवशी ‘आता सोयर फिटले’ असे म्हणत नारळाची रास आणि विळी बाळंतिणीपुढे येते. अशा वेळी प्रथेतील विटाळ शिल्लक राहतो आणि विसावा तेवढा नाहीसा होतो. वास्तविक टाकून द्यायचा तो विटाळ आणि जपायचा तो विसावा.

तिचा दिवस कसा जातो?

नवजात बाळाला चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा अंगावर पाजावे लागते. पाजणे, ढेकर काढणे, दुपटे बदलणे आणि पुन्हा निजविणे असा फेरा रात्रीही चालूच असतो. तिची झोप सलग नसते. ती तुकड्यातुकड्यांनी मिळते. चतुर्थीच्या दिवशी घर पहाटेच उठते. पाहुणे गणपतीचे दर्शन घेतात आणि लगेच बाळ पाहण्यासाठी खोलीत येतात. निजलेले बाळ उचलले जाते, ‘दूध पुरते ना?’ अशी चौकशी होते, कोणी मधाचे बोट सुचवितो तर कोणी गुटीचा आग्रह धरतो. भोवती पंचवीस माणसे असूनही बाळाला निवांत पाजण्यासाठी आईला कोपरा सापडत नाही.

येथे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी ठाम राहावे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध पुरेसे असते; मध, गुटी, साखरेचे पाणी किंवा साधे पाणीही देऊ नये. मधातून एक वर्षाखालील बाळाला गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो. बाळाला घेणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला झालेल्यांनी दुरूनच कौतुक करावे आणि बाळाचे मुके घेण्याचा मोह सर्वांनीच आवरावा. धूप, कापूर आणि दारूकामाचा धूर बाळाच्या नाजूक श्वसनमार्गाला अपायकारक असतो. म्हणून मखरापासून दूरची, हवेशीर पण उबदार खोली तिला द्यावी. पावसाळी दमटपणात दुपटी वाळत नाहीत, तरी ती सुकविण्यासाठी निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्या धुरातील विषारी वायू प्राणघातक ठरू शकतो. डासांपासून रक्षणासाठी मच्छरदाणी उत्तम.

उपवास आणि आहार

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरितालिका येते. गोमंतकात तिला ‘तय’ म्हणतात. अनेक सुवासिनी या दिवशी निर्जळी उपवास करतात. पाजणाऱ्या मातेने तो करू नये, कारण तिच्या शरीराला या काळात पाणी आणि अन्न नेहमीपेक्षा अधिक लागते. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, डाळ, मासे, अंडी, पालेभाज्या, हळिवाचे किंवा मेथीचे लाडू असा चौरस आहार तिला मिळावा. सणाची पक्वान्ने बेताने खाण्यास हरकत नाही. परंतु पंगती उठून घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेल्यावर तिची बोळवण होऊ नये. तिचे ताट पहिल्यांदा वाढले जावे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने घ्यावयाच्या असतात. सणाच्या धांदलीत त्यांत खंड पडू देऊ नये.

‘विसर्जन होऊ दे, मग नेऊ’

सणाच्या घरातील सर्वांत मोठा धोका म्हणजे दिरंगाई. समजा, आरतीची तयारी चालू आहे आणि बाळ सकाळपासून दूध ओढत नाही, सुस्त पडून आहे. आईच्या मनात पाल चुकचुकते. पण माणसांनी भरलेल्या घरात बोलावे कसे, या संकोचाने ती गप्प बसते. कोणीतरी म्हणते, ‘विसर्जन होऊ दे, मग नेऊ.’ नवजात बालकाच्या बाबतीत हा एक दिवसही फार मोठा असतो. बालमृत्यूंपैकी मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच असतो.

बाळ दूध पीत नसल्यास, अतिशय सुस्त असल्यास, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असल्यास, छाती आत ओढली जात असल्यास, अंग तापल्यास वा गार पडल्यास, झटके आल्यास, तळहात-तळपाय पिवळे दिसल्यास अथवा नाळेभोवती लाली वा पू आढळल्यास त्याला तात्काळ इस्पितळात न्यावे. मातेला अतिरिक्त रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी, दृष्टीपुढे अंधारी वा पोटरीत सूज व वेदना जाणवल्यास तिच्याबाबतही हीच तत्परता हवी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सणाच्या दिवशीही सेवेत असते. सहा आठवड्यांच्या लसींचा दिवस सुटीत आल्यास घाबरू नये. केंद्र उघडताच पुढील सत्रात त्या टोचून घ्याव्यात.

मन हाही शरीराचाच भाग आहे. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत कारण नसता रडू येणे हे स्वाभाविक असते. मात्र ही उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली वा जगणेच नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजावा आणि विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मदत मिळते. ‘एवढा आनंदाचा सण आणि ही रडते’ असे बोलून तिला आणखी एकटे पाडू नये.

घराने काय करावे?

पाहुण्यांची वेळ ठरविणे, दुपारचे दोन तास बाळंतिणीच्या खोलीचे दार लोटून ठेवणे, दुपटी धुणे आणि रात्री ढेकर काढण्यासाठी बाळाला खांद्यावर घेणे ही कामे बाळाच्या पित्याने आनंदाने करावीत. पाजण्याखेरीज त्याला अशक्य असे त्यात काहीच नाही. सासूबाईंनी ‘आज तिला उठवू नका’ एवढे एक वाक्य स्वयंपाकघरात उच्चारले, तरी त्या घरातील चतुर्थी बाळंतिणीला सुखाची होईल.

दीड दिवसांचा गणपती पाण्यात विसर्जित होतो, माटोळी उतरते, पाहुणे आपापल्या गावी परततात. खोलीतील माता व बालक मात्र त्या घरातच असतात आणि त्यांच्या सव्वा महिन्यातील पुष्कळ दिवस अद्याप शिल्लक असतात. ते दिवस राखून ठेवणे, हीही त्या घराने केलेली सेवाच होय.