न आवरायचं टेबल

पहाटे ५.४०
स्वयंपाकघरातला दिवा लागलाय. ताई जेवणाच्या टेबलाशी बसलीय. स्वेटरवर भाऊजींचं जाकीट. हीटिंग सहाच्या आधी लावायचं नाही, असं घरात ठरलंय. कानात हेडफोन, समोर वही. कुठला तरी ब्रिटिश डॉक्टर पेशंटची माहिती सांगतोय आणि ती रिकाम्या जागा भरतेय.

ताईनं मिरजेला नर्सिंग केलं, तिथंच वॉर्ड सांभाळला. इथं आयर्लंडमध्ये, नावनजवळच्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये ती केअर असिस्टंट आहे. उठवणं, आंघोळ, भरवणं, कूस बदलणं. इंजेक्शन देता येत नाही. त्यासाठी इथल्या नर्सिंग बोर्डाकडे नाव नोंदवावं लागतं आणि त्याच्या आधी इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. परीक्षेची फी ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सव्वातीनशे युरोच्या वर. बारा-बारा तासांच्या दोन शिफ्टची कमाई, तीही कर कापायच्या आधीची.

सकाळी ६.५०
भाऊजी खाली आले. ते गोदामात काम करतात, ताशी साडेतेरा युरो, २०२५चं किमान वेतन. आज शनिवार, दोघांनाही सुट्टी. ताई वही मिटते, हेडफोनची वायर गुंडाळते, प्रश्नपत्रिका पिशवीत भरते. पिशवी फ्रिजवर. मग टेबल पुसायचं.

हे रोजचं आहे. काढायचं, मांडायचं, उचलायचं, पुसायचं. भाचीचा गृहपाठ याच टेबलावर, भाजी चिरणं इथंच, पाहुणे आले की चहाही इथंच. अर्धा तास अभ्यास करायचा तर दहा मिनिटं मांडामांडीत जातात. मला वाटतं, परदेशात भाषा शिकणाऱ्या माणसाचं खरं अडतं ते इथं. पुस्तकं मिळतात, शिकवण्या मिळतात. पण उघडं पुस्तक रात्रभर उघडंच राहील अशी जागा मिळत नाही.

ती जागा आज करायचीय. वरच्या मजल्यावरची बॉक्स रूम. सात फूट बाय आठ फूट.

सकाळी ८.१५
आत्ता कुठं उजाडतंय. नोव्हेंबरचा शेवट आहे, चार वाजून गेले की परत अंधार. खोलीतली कामं उजेडात उरकायला हवीत.

आधी उपसा. कपडे वाळत घालायचा स्टँड, तीन मोठ्या बॅगा, व्हॅक्यूम क्लीनर, तांदळाची दहा किलोची पोती, गणपतीचं मखर. मखर माळ्यावर जातं. बॅगा आमच्या पलंगाखाली. स्टँडला जागाच नाही. शेवटी तो जिन्याच्या वरच्या चौकात उभा करतो, अंग चोरून जावं लागेल.

बाहेरच्या भिंतीवर खाली काळे ठिपके. बुरशी. ताई हातमोजे चढवते, बुरशीनाशक फवारते, दहा मिनिटं थांबून फडक्यानं पुसते, परत फवारते. हॉस्पिटलात शिकलेला हात आहे, कोपरा सुटत नाही. "खोलीत ओले कपडे वाळत होते ना, म्हणून," ती म्हणते. "पुस्तकं या भिंतीला टेकवायची नाहीत. आतल्या भिंतीला."

सकाळी १०.३०
टेबल आलं. गावातल्याच एका म्हाताऱ्या सुतारानं विकलं, चाळीस युरोला. ट्रेलरमध्ये ब्लँकेट गुंडाळून स्वतःच आणलं त्यानं. नावन हे एके काळी फर्निचरचं गाव. हा माणूस तरुणपणी तिथल्याच एका कारखान्यात खुर्च्यांचे पाय बसवायचा. टेबल बीच लाकडाचं, भरीव.

जिना अरुंद, टेबल वळेना. म्हातारा थांबवतो. टेबल उलटं करतो, खिशातून पाना काढतो, चारही पाय सोडवतो. वरची फळी भाऊजी आणि तो आडवी धरून नेतात. मी पाय घेऊन मागं. वर गेल्यावर एक पाय डुगडुगतो. तो सांध्यात लाकडाची पातळ पाचर बसवतो, गोंद लावतो, दोरी पिळून आवळतो. "चार वाजेपर्यंत वजन टाकू नका," बजावतो. चहा घेतो, साखर तीन चमचे. गाडीचं पेट्रोल म्हणून भाऊजी पाच युरो पुढे करतात, तो घेत नाही.

सकाळी ११.४५
नावनची ट्रिमगेट स्ट्रीट. चॅरिटीच्या दुकानात खुर्ची, पंधरा युरो. ताई तिच्यावर बसून बघते, उठते, परत बसते. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलून कंबर धरलेली असते. पाठ नीट टेकते का, हे तिला महत्त्वाचं. पुढच्या दुकानात टेबललॅम्प, अठरा युरो. गालिच्यांच्या दुकानात उरलेला तुकडा, दहा युरो. तो पायाखाली घालायचा, आवाज खालच्या खोलीत जाऊ नये म्हणून.

लायब्ररीत खर्च नाही. सभासद व्हायला पैसे लागत नाहीत आणि उशिराचा दंडही २०१९पासून देशभर बंद झालाय. भाची आयरिशची चित्रांची पुस्तकं उचलते. भाऊजी ड्रायव्हिंगच्या लेखी परीक्षेचं पुस्तक घेतात. भारताचं लायसन्स इथं बदलून मिळत नाही. पंचेचाळीस युरो भरून चाळीस प्रश्न सोडवायचे, पस्तीस तरी बरोबर यायला हवेत. म्हणजे टेबलाचे वाटेकरी तीन झाले.

दुपारी २.१०
पिठलं-भात झाला. आता भिंत.

घर भाड्याचं आहे. घरमालकाला विचारल्याशिवाय भोक पाडायचं नाही. शिवाय आतल्या भिंती पोकळ. साध्या खिळ्यावर फळी टिकणार नाही, आत लाकडाची पट्टी कुठं आहे ते ठोकून शोधावं लागतं. म्हणून जमिनीवर उभं राहणारं कपाटच घेतलंय, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत चार कप्पे. ताई कप्पे वाटून देते. खालचा भाचीचा. दुसरा भाऊजींचा. वरचे दोन तिचे.

शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो. हे घर आणि ते घर, मध्ये एकच भिंत. कपाट तिथंच लावतो, पुस्तकांनी आवाज थोडा दबतो. दाराला आतून आईची गोधडी टांगतो. ताई हेडफोन लावून तीच सकाळची फीत ऐकते. "आता 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' वेगळं कळतंय," ती म्हणते. औषधाच्या मात्रेत हाच फरक असतो.

दुपारी ४.०५
दोरी सोडली. टेबल हलत नाही. खिडकीबाहेर अंधारायला लागलंय. लॅम्प डाव्या बाजूला, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडत नाही. मिरजेहून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड इथल्या सॉकेटात बसत नाही, नवा आणलाय, आठ युरो.

भाची चौथीत आहे. आयरिश तिला शाळेत शिकावीच लागते, दर शुक्रवारी शब्दांची परीक्षा असते. ती चिठ्ठ्या लिहिते. दाराला 'दोरस', खिडकीला 'फिन्योग'. आयरिश शब्द रोमन लिपीत आणि खाली उच्चार देवनागरीत, ही तिची स्वतःची युक्ती. मग ताईच्या सांगण्यावरून तिसरी ओळ, मराठी. "मराठीची परीक्षा नाहीये ना," भाची म्हणते. "आजीशी बोलतेस तेव्हा असते," ताई म्हणते.

खिडकीत जुना रेडिओ. रेडिओ ना गेलटॅक्टा, १९७२पासून आयरिशमध्ये चालणारं केंद्र. भाचीला सगळं कळत नाही, पण कानावर पडतं. इथून पश्चिमेला, अथबॉयजवळ, हीच भाषा बोलणारं राहकार्न नावाचं गाव आहे. १९३५मध्ये सरकारनं पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमारातून सत्तावीस आयरिश बोलणारी कुटुंबं आणून तिथं वसवली, शेतीला जमीन दिली. आजूबाजूला सगळं इंग्रजी. आयरिश भाषेचा प्रदेश म्हणून मान्यता मिळायला १९६७ उजाडलं. त्या बत्तीस वर्षांत त्यांच्या घरांत चुलीपाशी कोणती भाषा बोलली जायची, ते घरच्यांनीच ठरवलं. मला त्या कुटुंबांबद्दल फार आदर वाटतो.

"मावशी, इथल्या कुणी मराठीवर पुस्तक केलंय?" भाची विचारते. केलंय. जॉर्ज ग्रियर्सन, १८५१मध्ये डब्लिन परगण्यात जन्मलेला. त्यानं भारतातल्या भाषांची पाहणी चालवली, तिचा सातवा खंड मराठीचा, १९०५चा. गावोगावच्या बोलींत एकच गोष्ट सांगायला लावून ती उतरवून घेतली. भाची वहीत त्याचं नाव लिहून घेते. शाळेत सांगणार म्हणते.

संध्याकाळी ६.३०
खर्चाची बेरीज भाऊजी पाकिटाच्या मागं करतात. टेबल चाळीस, कपाट तीस, खुर्ची पंधरा, लॅम्प अठरा, गालिचा दहा, बोर्ड आठ, बुरशीनाशक चार. एकशे पंचवीस युरो. खोलीतला दमटपणा शोषणारं यंत्र दीडशेच्या पुढं, ते पुढच्या महिन्यावर. तोवर रोज सकाळी पंधरा मिनिटं खिडकी उघडायची.

मग वेळांचा कागद. पहाटे ताई. शाळेनंतर भाची. सातनंतर भाऊजी. साडेआठपासून परत ताई. लांब शिफ्टच्या दिवशी ताईची रात्र सोडून द्यायची, नुसती पहाट. कुणीही दुसऱ्याचं पुस्तक मिटायचं नाही, बाजूला सरकवायचं. हा नियम भाचीनं लाल पेननं लिहिला.

रात्री ८.४०
ताई बसली. सरावाची प्रश्नपत्रिका, लिहिण्याचा भाग. पाच मिनिटं पेशंटच्या नोंदी वाचायच्या, चाळीस मिनिटांत पत्र. एकशे ऐंशी ते दोनशे शब्द. पेशंट बाई, कंबरेचं ऑपरेशन, घरी सोडताहेत, गावातल्या नर्सला कळवायचंय. मी घड्याळ लावून दारापाशी.

ती पहिली पाच मिनिटं पेनला हात लावत नाही. नोंदींतली जुनी माहिती पेन्सिलनं खोडते. मग लिहायला लागते. हे काम तिनं वॉर्डात शेकडो वेळा केलंय, मराठीत, तोंडी, ड्यूटी बदलताना. काय सांगायचं ते तिला ठाऊक आहे. आता फक्त त्याच क्रमानं इंग्रजीत उतरायचंय.

रात्री ९.२५
वेळ संपली. दोनशे सव्वीस शब्द. ती मोठ्यानं वाचते, दोन वाक्यं काढते, घरच्या जिन्याबद्दलचं ठेवते. "ऑपरेशन झालेल्या बाईला जिना किती पायऱ्यांचा, हे नर्सला कळलंच पाहिजे."

उद्या आठची ड्यूटी, पहाटेच उठायचंय. पत्र, नोंदी, पेन्सिल टेबलावर आहेत तशीच ठेवून ती उठते.

"उद्या पहाटे बोलण्याचा सराव," दिवा मालवता मालवता ती मला सांगते. "तू पेशंट हो. आणि लगेच माझं ऐकू नकोस. जरा हट्ट कर, औषध घेणार नाही म्हण. पाच मिनिटांत मला तुला पटवायचंय."