आपला रिपोर्ट कुणी पाहिला?

मागे आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई अगदी गप्प बसून होत्या. त्यांनी क्षयरोगाची तपासणी करून घेतली होती. रिपोर्ट त्यांच्या हातात येण्याआधीच कुणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि गावभर बोभाटा झाला. क्षयरोग औषधाने बरा होतो, पण तोंडातून तोंडात गेलेली गोष्ट मागे घेता येत नाही. म्हणून आज बोलू या, की आपली दवाखान्यातली माहिती सुरक्षित कशी राहील.

आता केसपेपर हळूहळू संगणकात जातोय. त्यात सोय आहे, तसा धोकाही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथलं काम हाताने लिहून करावं लागलं. अशा नोंदींमध्ये कुणी गुपचूप फेरफार केला, तर कळणार कसं? त्यासाठी एक तंत्र आहे, ब्लॉकचेन. नाव अवघड आहे, पण रीत आपल्या ओळखीची आहे.

आपल्या गटाची वही आठवा. प्रत्येक पानाच्या शेवटी शिल्लक काढतो आणि तीच पुढच्या पानावर ओढतो. कुणी मागच्या पानावरचा आकडा खोडला, तर पुढच्या सगळ्या पानांचा हिशेब चुकतो. शिवाय प्रत्येकीच्या पासबुकात तीच नोंद असते. म्हणजे एकीने वही बदलली तरी बाकीच्या पासबुकांवरून चोरी उघडी पडते.

ब्लॉकचेनमध्ये शिल्लक रकमेऐवजी ठसा ओढतात. संगणक मजकुरावरून अंक-अक्षरांची एक ओळ तयार करतो, तो त्या मजकुराचा ठसा. मजकुरात एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. पण नुसत्या ठशावरून मूळ मजकूर वाचता येत नाही. हे ठसे एकमेकांत साखळीसारखे गुंफलेले असतात आणि त्यांच्या प्रती अनेक ठिकाणी असतात.

युरोपात एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे, लोकसंख्या सुमारे तेरा लाख. २००७ मध्ये तिथे मोठे सायबर हल्ले झाले. त्यानंतर त्यांनी सरकारी नोंदींच्या रक्षणासाठी हे तंत्र वापरायला घेतलं, त्यात आरोग्याच्या नोंदीही आल्या. रुग्णाचे कागद साखळीत ठेवत नाहीत, ते वेगळे कुलूपबंद असतात. तिथला रुग्ण आपल्या खात्यात जाऊन आपली माहिती कुणी उघडून पाहिली ते बघू शकतो. विनाकारण डोकावलेलं दिसलं, तर जाब विचारता येतो.

पण हे तंत्र म्हणजे जादू नव्हे. मुळात चुकीची नोंद केली, तर ती चुकीचीच जपली जाते. आमच्या त्या ताईंनी विचारलं, "मग माझ्या रिपोर्टचा फोटो थांबला असता का?" खरं उत्तर आहे, नाही. संगणकात नोंद कुणी उघडली ते कळलं असतं, पण टेबलावरच्या कागदाचा फोटो कुठलीही साखळी थांबवू शकत नाही. ते माणसांनीच थांबवायचं.

आपल्याकडे १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. आभा म्हणजे ब्लॉकचेन नव्हे. पण तिथेही तत्त्व हेच, की आपल्या संमतीने माहिती दाखवायची. हा क्रमांक काढणं ऐच्छिक आहे, आणि दिलेली संमती मागे घेता येते.

तेव्हा एवढं लक्षात ठेवू या. मोबाइलवर ओटीपी आला, तर तो कशासाठी हे विचारल्याशिवाय सांगायचा नाही. संमतीसाठी अंगठा किंवा सही मागितली, तर "माझी माहिती कोण बघणार, किती दिवस?" हे विचारायचं. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगायचं, त्यात लाज कसली! आणि रिपोर्ट आपल्याच हातात घ्यायचा.

आमच्या गटाने एक ठरावही वहीत लिहिला आहे. कुणाचाही रिपोर्ट गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही, आणि तिने स्वतःहून सांगितल्याशिवाय बैठकीत तिच्या आजाराचा विषय काढायचा नाही. ठरावाखाली पहिली सही त्या ताईंची आहे. तुमच्या गटातही हा विषय घ्या.