खोड्यात मिळालेला दिलासा

ऑटिझम असलेल्या अनेक मुलांच्या भीतीला समोर कारण लागतंच असं नाही. आतली धोक्याची घंटा वाजतच राहते. टेंपल ग्रँडिन (जन्म १९४७, बॉस्टन) यांचं किशोरवय असंच धडधडत गेलं. ॲरिझोनातल्या नातेवाइकांच्या रँचवर जायचीही धास्ती! आईनं विचारलं, थोडे दिवस जातेस की अख्खी सुट्टी? ‘जातच नाही’ हा पर्याय ठेवलाच नाही. माझ्या मते, खरी हुशारी इथं आहे.

तिथं लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी आवळणारा खोडा होता. त्यात काही जनावरं शांत होतात, हे टेंपलनं हेरलं आणि स्वतःच आत शिरली. फळ्या अंगाशी दाबल्या गेल्या, धडधड ओसरली. मग तिनं प्लायवूडचा खोडा बनवला. दाब किती, हे तिच्याच हातात. हलका, अवचित स्पर्श अनेकांना दचकवतो. सावकाश, खोल दाब निववतो. सगळ्यांनाच नव्हे, हेही खरं. शाळेत काहींनी नाकं मुरडली, पण विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, असं का होतं ते शोध. पुढे १९९२ मध्ये टेंपलनं यावर शोधनिबंध लिहिला. भीती मात्र केवळ यंत्रानं गेली नाही. तिशीत सुरू केलेल्या औषधांनी ती बरीच आटोक्यात आली.