कम्युनिटी कॉलेजच्या वाटेने रसायनशास्त्राचा शिक्षक

दिवसा नोकरी आणि सकाळी कॉलेज ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सकाळचे वर्ग ठेवले. अमेरिकेत कष्टकऱ्यांच्या मुलांची हीच गरज कम्युनिटी कॉलेज भागवते. तिथे दुकानात, गुदामात राबणारा मुलगा किंवा मुलगी हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवण्यापर्यंत कशी पोहोचते, ते आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत.

अशा प्रकारचे पहिले सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट गावात निघाले. आज त्या देशात अशी हजाराच्या आसपास कॉलेजे आहेत. हायस्कूल पास झालेल्याला तिथे सहसा प्रवेश मिळतो, टक्केवारीची स्पर्धा नसते. पहिली दोन वर्षे तिथे शिकायचे आणि पुढची दोन वर्षे विद्यापीठात जाऊन पदवी घ्यायची, अशी ही वाट आहे.

कॅलिफोर्नियाचा हिशेब पाहू. तिथल्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर फी आहे. वर्षाला साधारण ३० युनिट धरले तर १,३८० डॉलर होतात. त्याच राज्याच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची २०२४-२५ सालची शिकवणी फी ६,०८४ डॉलर होती. गरिबाच्या घरात हा फरक फार मोठा आहे.

परंतु फी कमी म्हणजे सगळे सोपे झाले असे नाही. रसायनशास्त्र पायरी-पायरीने शिकावे लागते. पहिल्या वर्षी सामान्य रसायनशास्त्राचे दोन भाग, दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्र, शिवाय गणित आणि भौतिकशास्त्र. पहिला भाग राहिला तर दुसऱ्यात बसता येत नाही आणि अनेकदा वर्ष जाते. त्यात प्रयोगशाळेचा तास लांबलचक असतो. पुस्तक बसमध्ये वाचता येईल, पण ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून रंग कधी पालटतो ते प्रयोगशाळेत उभे राहूनच शिकावे लागते. म्हणून कामाची पाळी आणि प्रयोगाची वेळ यांचा मेळ आधी घालावा लागतो.

दुसरा धोका कागदाचा. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून तो आमच्या लगेच ध्यानात आला. कम्युनिटी कॉलेजात मिळवलेली युनिट विद्यापीठ मान्य करील तरच ती कामाची. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दाखवून दिले, की २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्या सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांची सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. म्हणजे तितके कष्ट पुन्हा, तितका पैसा पुन्हा. कोणता विषय कुठे धरला जातो याची ‘ॲसिस्ट’ नावाची अधिकृत यादी कॅलिफोर्नियात आहे. शहाणा विद्यार्थी पहिल्याच दिवशी ती पाहतो.

पदवीनंतरही शिकवण्याचा परवाना लागतो. त्यासाठी कॅलिफोर्नियात शाळेत प्रत्यक्ष कामाचे ६०० तास भरावे लागतात. त्या दिवसांत नोकरी करणे कठीण, म्हणून पैशाची तजवीज आधी हवी. विज्ञान-गणिताच्या भावी शिक्षकांना रॉबर्ट नॉईस शिष्यवृत्ती मिळू शकते. तिची अट अशी, की मदतीच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षे गरजू भागातील शाळेत शिकवायचे. अट मोडली तर ती रक्कम कर्ज होते.

आपल्यापैकी काहींचे नातलग आज अमेरिकेत आहेत. त्यांच्या मुलांना ही वाट धरायची असेल, तर त्यांनी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: कोणते विषय पुढे धरले जातील, प्रयोगाचे वर्ग किती वाजता असतील आणि परवान्याच्या वर्षाचा खर्च कोण करील. घरच्यांनीही प्रयोगाच्या दिवशी त्या मुलाच्या वाट्याचे काम आपल्या अंगावर घ्यावे. दार उघडे असणे ही मोठी गोष्ट आहे, पण आत शिरण्यापूर्वी पुढचा जिना कुठे जातो ते विचारून घेतलेले बरे.