जुन्या मालमोटारीस भारी गिअरपेटी बसविणें

शेतकऱ्याच्या घरीं मोटार आली, तरी जुनी वस्तु जपून वापरण्याची त्याची संवय सुटलेली नाहीं. म्हणूनच कोठें खळ्याच्या कडेला, कोठें गोठ्याच्या पडवींत, एखादी जुनी मालमोटार अद्याप उभी असलेली दृष्टीस पडते. अशा गाड्यांत शेव्हरोलेट ही एक परिचित जात होय. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईस शिवडी येथें गाड्यांची जोडणी करीत असे. अशी गाडी घरच्या घरीं पुन्हां चालती करणारे हौशी लोक आपल्याकडेही आहेत व अमेरिकेंतही आहेत. इंजिन, ब्रेक व तारा यांचें काम उरकलें कीं, तीन गिअरांची हलकी पेटी काढून तिच्या जागीं चार गिअरांची भारी पेटी बसवावी, असा विचार त्यांच्या मनांत येतो. तें काम कसें करावें, हें येथें सांगावयाचें आहे.

या कामांत खरी अडचण आहे ती वजनाची. साठ ते ऐंशी किलोग्रॅम वजनाचा, धरावयास सोईचा नसलेला ओतीव लोखंडाचा ठोकळा गाडीच्या पोटाशीं नेऊन, त्याचा आंगठ्याएवढा जाड शाफ्ट क्लचच्या मधोमध नेमका सरळ सरकवावा लागतो. म्हणून 'हें वजन या क्षणीं कोण पेलीत आहे?' हा एकच प्रश्न आरंभापासून शेवटपर्यंत मनांत जागता ठेवावा. तें वजन मनुष्याच्या छातीवर आलें तर प्राणावर बेततें. क्लचच्या तबकडीवर आलें तर क्लच नासतो. आणि मागें आधाराशिवाय लोंबत राहिलें तर पेटीचा कान फुटतो.

भारी पेटीनें काय साधतें

१९४७ सालीं निघालेल्या अर्ध्या टनाच्या शेव्हरोलेटचें उदाहरण घेऊं. तिचें इंजिन २१६ घनइंचांचें, सहा सिलिंडरांचें व ९० अश्वशक्तीचें असे. मागील आंसाचें प्रमाण ४.११ होतें, म्हणजे प्रोपेलर शाफ्टाचे ४.११ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होई. तीन गिअरांच्या पेटींत पहिल्या गिअरचें प्रमाण सुमारें २.९४ असल्यामुळें इंजिनाच्या बारा फेऱ्यांस चाक एकदां फिरे. चार गिअरांच्या भारी पेटींत हेंच प्रमाण सुमारें ७.०५ आहे, तेव्हां इंजिनाचे एकोणतीस फेरे व्हावे तेव्हां चाकाचा एक फेरा पुरा होतो. चाकाचा घेर २.२ मीटर धरिला आणि इंजिन मिनिटास १००० फेरे घेत आहे असें मानिलें, तर जुन्या पेटीनें गाडी ताशीं ११ किलोमीटर चालेल; भारी पेटीनें ती ताशीं साडेचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या पावलानें चालेल. भरलेली गाडी उसाच्या फडांतून बाहेर काढणें, चिखलाच्या पाणंदींतून नेणें, किंवा चढावर थांबून क्लच न जाळतां पुन्हां निघणें, या गोष्टी अशा मंद गतीनेंच साधतात.

परंतु येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेटी बदलल्यानें इंजिनाची शक्ति वाढत नाहीं. वेग जितका घटतो तितका चाकावरील रेटा वाढतो, इतकेंच. वरील उदाहरणांत तो जवळजवळ अडीचपट होतो, आणि तो सारा प्रोपेलर शाफ्टास व मागील आंसास सोसावा लागतो. म्हणून मागील आंसाचे दांते, अर्धे शाफ्ट व सांधे झिजलेले असल्यास प्रथम ते दुरुस्त करावे. कमकुवत आंसापुढें भारी पेटी बसविणें म्हणजे मोडक्या जुवाला दांडगे बैल जुंपणें होय.

मेळ पाहणें

पेटी विकत घेण्यापूर्वीं माप घ्यावें. घेतल्यावर माप घेणें हा उलटा क्रम खर्चाचा आहे. शेव्हरोलेटच्या गाड्यांस लागू पडणारी भारी पेटी म्हणजे अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत मन्सी येथें पूर्वीं होत असलेली 'एस. एम. ४२०' ही होय. ती १९६७ पर्यंतच्या गाड्यांत मिळते. त्यानंतर तिची जागा अधिक वजनदार अशा 'एस. एम. ४६५' या पेटीनें घेतली. दोन्ही पेट्या बाहेरून एका कुळांतल्या दिसतात. तथापि पेटीच्या तोंडावर जें गोल कडें असतें त्याचा व्यास पहिलींत सुमारें ४ ११/१६ इंच, तर दुसरींत ५ १/८ इंच आहे. इंजिनामागील घंटेच्या आकाराचें कवच, ज्यास कारागीर बेलहाउसिंग म्हणतात, त्याच्या भोकांत हें कडें घट्ट बसावें लागतें. कारण पेटी व इंजिन यांची मध्यरेषा एक ठेवण्याचें काम हें कडेंच करितें, बोल्ट करीत नाहींत. कडें ढिलें असेल तर बोल्ट कितीही आवळले तरी पेटी मध्यावर येत नाहीं.

तेव्हां चार मापें पडताळावीं: बोल्टांच्या भोकांची जागा; कड्याचा व भोकाचा व्यास; पुढील शाफ्टावरील खांचांची संख्या, जाडी व टोकाची लांबी; आणि पेटीची एकूण लांबी. यांखेरीज पेटीची शेपटी अवश्य पाहावी. त्या काळच्या अर्ध्या टनाच्या शेव्हरोलेटमध्यें प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळींत फिरतो व ती नळी पेटीच्या मागील गोलकाशीं जोडलेली असते. पाऊण व एक टनाच्या गाड्यांत तो उघडा असतो. एका जातीची शेपटी असलेली पेटी दुसऱ्या जातीच्या गाडीस तशीच जुळत नाहीं.

पेटी गाडीबाहेर असतांनाच तिचें झांकण काढून दांते, बेअरिंगें व तेलाचे सील तपासून घ्यावे आणि प्रत्येक गिअर हातानें लावून पाहावा. एका लहानशा सीलासाठीं ऐंशी किलोचें ओझें पुन्हां खालीं उतरविण्याची पाळी येणें, यासारखा मनस्ताप नाहीं.

जागा व आधार

काम पक्क्या फरशीवर करावें. मातीच्या जमिनीवर करणें भाग असल्यास जाड लोखंडी पत्रा किंवा सागवानी फळ्या खालीं घालाव्या. चाकांस दोन्ही बाजूंनीं पाचरी माराव्या, बॅटरीची तार सोडावी, आणि गाडी उचलून तिची चौकट चार भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं क्षणभरही जाऊं नये. विटा किंवा दगड रचून टेकू देण्याची चाल फार घातक आहे. कारण वीट आधीं सूचना न देतां एकदम फुटते. घोड्यांवर गाडी टेकल्यावर तिला बाजूनें जोरानें हलवून पाहावें. ती डळमळली तर पुन्हां मांडणी करावी.

जुनी पेटी सोडण्यापूर्वीं इंजिनाचा मागील भार कोठें टेकला आहे, तें पाहावें. या जुन्या शेव्हरोलेटमध्यें इंजिनाचे मागील आधार बेलहाउसिंगच्या दोन्ही बाजूंस असतात. बेलहाउसिंग काढावयाचें असेल, तर इंजिनाच्या बुडाखालीं लाकडी ठोकळा घालून जॅक व घोडी यांवर तें आधीं तोलून धरावें. एरव्हीं इंजिनाची शेपटी खालीं कोसळते.

पेटी उचलण्याचे दोन मार्ग आहेत. चाकें असलेला गिअरपेटीचा जॅक मिळाल्यास उत्तम. पेटी त्यावर पट्ट्यानें आवळून बांधावी. तो न मिळाल्यास, बैठक व मधला पत्रा काढून पेटी वरून टांगतां येते. दोन्ही दारांतून एक जाड तुळई आडवी घालावी, तिचीं टोकें बाहेर भक्कम टेकूंवर ठेवावीं, आणि तुळईस लहान साखळी-कप्पी अडकवावी. गाडीच्या छपरास भार लावूं नये. काथ्याचा दोर वापरूं नये. वजन लिहिलेला पट्टा अगर साखळीच घ्यावी. दोन माणसांपेक्षां कमी माणसांनीं हें काम करूं नये, आणि टांगलेल्या पेटीखालीं हात किंवा पाय नेऊं नये.

क्लच व मध्यरेषा

जुन्या क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांस फार अपायकारक आहे. म्हणून ती फुंकूं नये व वाऱ्याच्या झोतानें उडवूंही नये. ओल्या फडक्यानें टिपून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें.

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग जळून निळा पडला असेल किंवा त्यास चरे असतील, तर तो लेथवर घासून घ्यावा. क्रँक शाफ्टाच्या टोकांत जो पितळी बुश असतो तो नवा घालावा; पेटीच्या शाफ्टाचें टोंक त्यांतच फिरतें. क्लचची तबकडी बसवितांना तिचें मध्य व या बुशाचें मध्य एका रेषेंत आलेंच पाहिजे. याकरितां जुन्या पेटीचा पुढील शाफ्ट उपयोगी पडतो. तो नसल्यास गांवच्या सुतारानें कातून दिलेला लाकडी दांडाही चालतो. मात्र त्याचें टोंक बुशांत व मधला भाग तबकडींत घट्ट बसेल अशीं दोन मापें द्यावीं. दांडा आंत ठेवूनच दाबपट्टीचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळावे व मग दांडा काढावा. खांचांस ग्रीस अगदीं थोडें लावावें. अधिक लाविल्यास तें उडून अस्तरावर जातें आणि क्लच घसरूं लागतो.

बेलहाउसिंग बदललें असेल, तर त्याचें भोंक इंजिनाशीं समकेंद्र आहे कीं नाहीं, तें डायल गेजनें पाहावें. गेज फ्लायव्हीलवर बसवून इंजिन हातानें एक फेरा फिरवावें. कांटा एकंदर जितका हलेल त्याच्या निम्में मध्य सरकलेलें असतें, व तें पांच हजारांश इंचाहून अधिक असूं नये.

पेटी सरकविणें

हाच या कामाचा मुख्य भाग होय. बेलहाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत डोकें कापलेले, चार-पांच इंच लांब बोल्ट मार्गदर्शक म्हणून बसवावे. काढतां यावे म्हणून त्यांच्या टोकांस करवतीनें खांच पाडावी. पेटी या दोन बोल्टांवर आली म्हणजे ती सरळच पुढें जाते व तिचा कांहीं भार ते उचलतात. पेटी गिअरमध्यें घालून मागील शाफ्ट हातानें हळूहळू फिरवावा. खांचा जुळल्या कीं पेटी आपोआप आंत सरकते. पेटी व बेलहाउसिंग यांमधील फट चहूंकडून सारखी आहे ना, तें वारंवार पाहावें. फट वर रुंद व खालीं अरुंद असेल तर शेपटी उतरली आहे, आणि खालीं रुंद असेल तर शेपटी फार वर आहे, असें समजून कप्पी किंवा जॅक त्या मानानें हलवावा.

पेटी पुष्कळ वेळां शेवटच्या बोटभर अंतरावर अडते. अशा वेळीं बोल्ट आवळून ती ओढून घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें आवरावा. अडलेली पेटी म्हणजे कांहीं तरी जुळलेलें नाहीं, याची खूण होय. बोल्टांच्या बळानें ओढल्यास पितळी बुश ठेंचला जातो, तबकडीचा मध्यभाग वांकतो, किंवा ओतीव लोखंडाचा कान तडकतो. पेटी मागें घ्यावी, कारण शोधावें व पुन्हां सरकवावी. ती जागेवर आली, तरी चारही बोल्ट बसून आवळले जाईपर्यंत खालचा किंवा वरचा आधार सोडूं नये. अर्ध्यावर लोंबत ठेवलेली पेटी सारें वजन तबकडीवर टाकते. असा वांकलेला क्लच पुढें नीट सुटत नाहीं, आणि दोष मात्र नव्या पेटीस लागतो.

मागील आधार व शाफ्ट

लांब व जड पेटीच्या शेपटीस रबरी गादीचा आधार देणें हिताचें आहे. त्यासाठीं चौकटीस आडवी पट्टी बसवितांना भोकें चौकटीच्या उभ्या बाजूस पाडावीं. वरच्या व खालच्या पाळीस भोंक पाडूं नये व पाळीवर आडवें वेल्डिंगही करूं नये, कारण वांकण्याचा ताण तेथेंच अधिक असतो. पेटीची लांबी बदलल्यास प्रोपेलर शाफ्टही कमी-अधिक करून समतोल करून घ्यावा. उघड्या शाफ्टाच्या गाडींत गाडी चाकांवर उभी असतां सरकत्या सांध्यांत पुढें-मागें जागा राहिली पाहिजे, आणि शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले पाहिजेत. नाहीं तर गाडी थरथरते.

तेल व चांचणी

तेल बाजूच्या भोकाच्या काठापर्यंत भरावें. पितळी समकारक कड्या असलेल्या पेटींत जी. एल. ४ प्रतीचें गिअर तेल घालावें; आंसासाठीं असणाऱ्या जी. एल. ५ प्रतीच्या कांहीं तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळेस बाधतात. प्रथम इंजिन न्यूट्रलमध्यें चालवून आवाज ऐकावा, नंतर क्लच दाबून प्रत्येक गिअर लावून पाहावा, आणि गाडी आधीं मोकळ्या शेतांत रिकामीच चालवावी. या पेटीचा पहिला गिअर समकारक नसलेला आहे. तो गाडी थांबवूनच घालावा. रिकामी गाडी दुसऱ्या गिअरनें उचलावी व पहिला गिअर भार, चिखल व चढ यांसाठीं राखावा. शंभर किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हां आवळावे. सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांविषयीं आहे.

या कामास लागणारीं चांगलीं साधनें, म्हणजे साखळी-कप्पी, चार घोड्या, गिअरपेटीचा जॅक व डायल गेज, एकट्या शेतकऱ्यानें एका पेटीसाठीं विकत घेणें परवडत नाहीं, आणि म्हणूनच विटांचा टेकू व काथ्याचा दोर यांवर भिस्त ठेवली जाते. मळणीयंत्र किंवा फवारणीचा पंप सामाईक घेतां येतो, तसाच हा संचही दहा-वीस कुटुंबांनीं मिळून घ्यावा. इंजिन उतरविणें, पंप विहिरींतून वर काढणें, अशा कामींही त्यांतील पुष्कळ साधनें उपयोगी पडतील. पेटी एखाद्या आठवड्यानें उशिरां बसली, तरी कांहीं बिघडत नाहीं. पण तिचें वजन माणसाच्या अंगावर येण्याची वेळ एकदांही येतां कामा नये.