पिसवा मांजरावर कमी, घरात जास्त

पावसाळा हा पिसवांचा हंगाम. हवा दमट आणि उबदार असली की अंड्यापासून वाढलेल्या पिसवेपर्यंतचा सगळा प्रवास दोन-तीन आठवड्यांत उरकतो. म्हणून श्रावणात मांजराच्या मानेवर एखादी दिसलेली पिसू नवरात्रापर्यंत घरभर झालेली असते. धडधाकट मांजर खाजवून, चाटून निभावून नेतं. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या म्हाताऱ्या मांजराला ते झेपत नाही.

त्याचं कारण रक्तात आहे. मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक तयार करतात आणि त्याच्या इशाऱ्यावर अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवते. आजार मुरला की हे संप्रेरक कमी पडतं आणि पंडुरोग होतो. त्यात पिसू रक्तावरच जगणारी. एक मादी दिवसाला साधारण १३ ते १४ मायक्रोलिटर रक्त पिते, म्हणजे सत्तरएक माद्या मिळून रोज एक मिलिलिटर. अडीच-तीन किलोच्या मांजराच्या अंगात रक्त असतं जेमतेम १५० ते १८० मिलिलिटर, आणि गेलेलं भरून काढणारी यंत्रणा आधीच थकलेली. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर बाकी सगळं सोडून डॉक्टर गाठावेत.

अशा वेळी ‘औषधं नकोत, काहीतरी घरगुती करू’ हा विचार स्वाभाविक आहे, पण माझ्या मते सर्वांत धोक्याचा तोच. कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल मांजरासाठी विषारी आहेत. कडुलिंबाच्या तेलानेही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. लसूण तांबड्या पेशी फोडतो, म्हणजे पंडुरोगात आणखी भर. मांजराचं यकृत आपल्यासारखं नाही. फिनॉलसारखी रसायनं निकामी करून बाहेर टाकणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचा जनुकच मांजरकुळात बंद पडलेला आहे. शिवाय अंगाला लावलेली कुठलीही गोष्ट मांजर चाटणार, म्हणजे ती पोटात जाणारच. दिवाळीच्या साफसफाईत फरशीवर फिरणारं फिनाइल आणि कपाटातल्या डांबरगोळ्याही याच यादीतल्या.

कुत्र्यांसाठीच्या मानेवर टाकायच्या थेंबांपैकी काहींत परमेथ्रिन असतं. त्याने मांजराला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. गावाकडे गुरांच्या गोचिडांचं औषध पातळ करून मांजराला लावतात. तेही त्याच कुळातलं असू शकतं. ‘थोडंसंच लावलंय’ याला इथे अर्थ नाही.

मग काय करावं? अंगावरच्या पिसवांसाठी सर्वांत निरुपद्रवी हत्यार म्हणजे बारीक दातांची फणी. मान, हनुवटीखालची जागा आणि शेपटीचं मूळ, इथे पिसवा जास्त सापडतात. मांजर पेंगुळलेलं असताना दोन-चार मिनिटं फणी फिरवायची आणि शेजारच्या वाडग्यात झटकायची. वाडग्यात भांडी घासायच्या साबणाचं पाणी हवं. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून पसार होते, साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ती बुडते. फणीत नुसते काळे कण आले तर ओल्या कागदावर ठेवून पाहावेत. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आंघोळ मात्र टाळावी. अशक्त मांजर गारठतं, घाबरतं आणि दोन दिवस खाणं सोडतं. या आजारात खाणं सुटणं पिसवांहून वाईट.

फणीने भागलं नाही तर औषध लागतंच, आणि ते निवडायला डॉक्टरांना आजार माहीत हवा. नायटेनपायरामची गोळी काही तासांत पिसवा मारते, पण ती बरीचशी लघवीवाटे बाहेर पडते. फिप्रोनिल मुख्यत्वे त्वचेच्या तेलकट थरात राहतं, सेलामेक्टिन रक्तात शोषलं जातं. आयसॉक्सॅझोलिन गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये झटक्यांचा इशारा दिला होता, तेव्हा फिटचा इतिहास असेल तर तो आधी सांगावा. आणखी एक साधी गोष्ट: मूत्रपिंडाचं मांजर वाळत जातं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मागच्या वर्षीचं वजन धरू नये.

हे सगळं करूनही लढाई मुख्यत्वे मांजराच्या अंगावर नाहीच. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण पाच टक्के. उरलेली अंडी, अळ्या आणि कोश गोधडीत, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली असतात. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि ती केसांवरून घरंगळून मांजर जिथे झोपतं तिथे साचतात. अळ्यांना अंधार आणि ओल लागते. कोरड्या हवेत त्या मरतात. म्हणून ऑक्टोबरचं कडक ऊन हे आपल्याकडचं फुकटचं औषध आहे. मांजराचं अंथरूण कडकडीत पाण्यात धुऊन त्या उन्हात टाकावं, फटी-कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावेत आणि धूळ लगेच घराबाहेर काढावी. आजारी मांजराच्या शरीराला यातल्या कशाचाच भार पडत नाही.

कोश तेवढे चिवट. त्यांच्या चिकट वेष्टनाला धूळ लागते, कीटकनाशक आत पोचत नाही आणि आतली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर येते. गणपतीला गावी जाऊन आल्यावर बंद घरात पाऊल टाकताच पिसवा पायांवर का चढतात, ते यावरून कळावं. यामुळेच उपचार सुरू केल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात. लोक औषध फुकट गेलं म्हणून दुसरा डोस ठरल्या वेळेआधीच टाकतात. आजारी मांजराच्या बाबतीत हे अजिबात करू नये, त्याऐवजी झाडलोट आणि फणी चालू ठेवावी.

१८९६ च्या मुंबईतल्या प्लेगमुळे पिसू म्हटलं की जुनी माणसं अजून दचकतात. ती उंदराची पिसू, वेगळी. मांजरावरची टेनोसेफॅलायडिस फेलिस बहुतेक कुत्र्यांवरही तीच असते. म्हणून घरात कुत्रा किंवा दुसरं मांजर असेल, तर त्यांचा उपचार त्यांच्या-त्यांच्या औषधाने त्याच दिवशी व्हायला हवा. आणि मांजराच्या गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर तो पिसू गिळल्याने झालेला पट्टकृमी. पुढच्या रक्ततपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना तेही सांगा.